दोन पैवरचा अंगठा

हैदराबादेत मला ज्यांनी खोली दिली त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. हाताला घाम येतो का, ते विचारलं.

त्याआधी दोन घरांत आडनाव विचारून झालं होतं. एका बाईंना आडनाव ऐकल्याबरोबर आठवलं की त्यांचा पुतण्या राहायला येणार आहे. दुसऱ्या घरातल्या आजोबांनी आधी गाव विचारलं, मग गल्ली, मग देव कुठला, आणि शेवटी खोलीला गळती आहे म्हणाले. मी म्हटलं, भर उन्हाळ्यात कसली गळती? ते म्हणाले, असते. त्यामुळे नल्लकुंट्यातल्या या तिसऱ्या घराची बेल दाबताना माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

दार उघडलं ते एका किडकिडीत गृहस्थांनी. अंगात बाह्यांचा बनियन, कपाळावर घड्याळदुरुस्तीवाल्यांचं असतं तसलं भिंग, आणि दोन्ही हातांत पांढरे सुती हातमोजे. मे महिन्यात.

"नारायणगुड्याच्या लॅबमध्ये काम करतीस म्हणे. हौ का? हात दाखव."

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. भिंग डोळ्यावर ओढून नुसता वाकून पाहिला. मग टेबलावर एक कोरा कागद ठेवून म्हणाले, "दाब. मी साठ मोजतो." आणि खरोखर मोजले की हो! एक, दोन, तीन, चार. एकसष्टाव्याला कागद उचलून उजेडात धरला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगे ऐकलं का? कोरडा! पोरीचा हात एकदम कोरडा आहे!" घरात सून ठरल्यासारखा तो आनंद होता. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. ते काकूंचं उत्तर होतं, हे मला पुढे कळलं.

"एकच नियम," काका म्हणाले. "अंडं उकडायचं नाही."

झालं, म्हटलं मी मनात. आडनाव नाही विचारलं, पण ताट विचारलंच. मी तोंड वाकडं करून म्हटलं, "म्हणजे मटण-मासेही चालणार नाहीत."

"काय्को नाही चालणार? मटण कर, आणि केलंस तर वाटीभर खाली पाठव. अंड्यात गंधक असतो पोरी. वाफ निघाली की चांदी काळी पडते. ऑम्लेट खायचं तर गल्लीच्या टोकाला जाऊन खा, आणि चूळ भरून ये."

मी त्या घरात सहा वर्षं राहिले.

काकांचे आजोबा निजामाच्या काळात नांदेडकडून इकडे आले. काकांचा जन्म इथला, नोकरी इथली विम्याच्या ऑफिसातली, आणि भाषा अर्धी मराठी, पाव दखनी, उरलेली तेलुगू. पण या सगळ्या त्यांच्या किरकोळ गोष्टी. त्यांचं खरं काम म्हणजे जुन्या नाण्यांवरचे डाग पाहणं. गावोगावचे नाणेवाले त्यांच्याकडे नाणी घेऊन यायचे. काका नाणं कडेला धरून दिव्याखाली फिरवायचे आणि सत्तरपैकी मार्क द्यायचे. नाण्यांचे मार्क सत्तरपैकीच असतात म्हणे. शंभर का नाहीत, असं मी एकदा विचारलं, तर "नाण्याला काय दहावीला बसायचंय?" म्हणाले.

डागांचे त्यांच्या हिशेबी दोनच प्रकार, मेलेला आणि जिवंत. मेलेला डाग म्हणजे काळपट, टणक, आपल्या जागी गप बसलेला. त्याला कोणी त्रास द्यायचा नाही. जिवंत डाग म्हणजे तांब्यावर येतो तो पिठासारखा हिरवा कळंक. तो वाढतो, नाणं खातो. त्याला शुद्ध पाण्यात भिजवायचं, मग जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तेलात महिना-महिना ठेवायचं, आणि मऊ झाला की बाभळीच्या काट्याच्या टोकानं कणाकणानं उचलायचा. घासायचं नाही. घासलं की संपलं. "धुतलेल्याला मार्क नाहीत," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणू शकेन.

आता हे नाण्यांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण काका सगळ्या जगालाच सत्तरपैकी मार्क देत. कोपऱ्यावरच्या टिफिन सेंटरची इडली अठ्ठावन्न, चटणी चाळीस. मी गेल्या गेल्या मला बावन्न दिले होते. "चेहरा बरा आहे, पण कडा घासल्यात," म्हणाले. म्हणजे काय ते मी विचारलं नाही. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलाला मी आधी यांच्याकडेच आणलं. त्याला समोर बसवून, दिवा तिरका करून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पंचावन्न. पण धुतलेला नाही. घेऊन टाक."

केसांना कलप लावणाऱ्या माणसांचं तर त्यांना सुतक यायचं. एका लग्नात समोरून त्यांच्याच वयाचे गृहस्थ काळेभोर केस घेऊन आले, तर हे माझ्या कानात पुटपुटले, "बिचारा. याला आता कोणीच मार्क देणार नाही." घराला वीस वर्षं रंग नव्हता, कारण रंग दिला की भिंतीचं मूळ अंग जातं. स्कूटर धुवायची नाही. जिन्यातल्या ओलीच्या डागाभोवती त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घातली होती, आणि दर पंधरवड्याला नवी रेघ. प्लंबरला बोलवा असं काकू म्हणायच्या. "थांब जरा, अजून जिवंत आहे का बघू दे," असं हे म्हणायचे. माझ्या हनुवटीवर एकदा पुटकुळी आली होती, तिलाही त्यांनी भिंग लावलं होतं. माझ्या हातात चप्पल होती म्हणून पेन्सिल काढली नाही.

आणि कडेला धरणं! काका काहीही कडेलाच धरायचे. भाकरी कडेला, लग्नाची पत्रिका कडेला, बिस्किट दोन बोटांच्या टोकांत. समोरच्या रेड्डींची नात बारशाला यांच्या हातात दिली तर तिलाही दोन्ही काखांत बोटांच्या टोकांनी धरून उजेडाकडे फिरवली. ती भोकाड पसरून रडली आणि तिच्या आजीनं हिसकावून घेतली. काका म्हणाले, "अडुसष्ट! काय चमक आहे हो!" आजीचा राग तिथंच विरघळला.

रविवारी सकाळी पुढच्या खोलीत नाणेवाल्यांचा दरबार भरायचा. एकदा एक तरुण इंजिनिअर मोठ्या हौसेनं आजोबांचं नाणं घेऊन आला. वाटेत सराफाकडून चकचकीत पॉलिश करून आणलं होतं. काकांनी पुडी उघडली, पाहिलं, आणि भिंग कपाळावर सरकवलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?"

"काल संध्याकाळी," तो गांगरून म्हणाला.

"त्रास झाला नसेल ना त्याला?" आणि आत ओरडून त्याच्यासाठी चहा मागवला. तो पोरगा येताना हसत आला होता, जाताना डोळे पुसत गेला.

या दरबाराचा शेवट ठरलेला असायचा. चष्म्याच्या जुन्या घरातून काका एक नाणं काढत. निजामाच्या काळातलं तांब्याचं दोन पैचं. ते इतर नाण्यांसारखं कपाटात नसे, कायम त्यांच्या खिशात. कधीही हात न लागलेलं, लालभडक, टाकसाळीतून आत्ताच निघालं असावं असं; आणि बरोबर मध्यभागी, काळपट तपकिरी रंगात, रेघ अन् रेघ मोजता येईल असा एक अंगठ्याचा ठसा.

"सासष्ट मार्काचं नाणं होतं," काका सुरू करायचे. "लग्नाला आठ दिवस झाले होते. मी हे आणलं, टेबलावर ठेवलं, हातमोजे घालायला वळलो, तेवढ्यात आमच्या हिनं उचललं. लोणचं कालवत होती. अंगठा मसाल्यानं भरलेला. आणि मला विचारते काय, की हे कुठल्या कोटाचं बटण आहे? बत्तीस वर्षं झाली. हा बघा अंगठा. सासष्टाचे चाळीस झाले!"

इथं स्वयंपाकघरात एखादं पातेलं आपटायचं. काकू तशा हसऱ्या, गुबगुबीत, साऱ्या गल्लीशी बोलणाऱ्या. पण रविवारी या वेळेला त्यांचा चेहरा उतरायचा. मला एकदा म्हणाल्या, "पोरी, दर आठवड्याला दहा माणसांसमोर माझा गुन्हा वाचून दाखवतात गं. बत्तीस वर्षांत मी यांना किती वेळा गरम पोळी वाढली, ते नाही सांगत कोणाला. त्या डागाचं मला आता स्वप्न पडतं." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला काकांचा भयंकर राग आला.

मग एका नोव्हेंबरात माझी आई आली.

आईचं मशीनशी भांडण झालं होतं. गावात रेशन घ्यायला अंगठा लावावा लागतो, आणि मशीन आईचा अंगठा घेईना. आधी कापूस वेचून आणि मग वीस वर्षं शाळेतल्या खिचडीची पातेली घासून तिच्या अंगठ्यावरच्या रेघा गेल्या होत्या. शहरातलं मशीन हुशार असेल म्हणून ती हैदराबादेला आली. मी तिला एका केंद्रावर घेऊन गेले. तिथल्या माणसानं अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, तेल लावलं, पुन्हा पुसला, आणि हात टेकले. "अम्मा, आपके तो हैच नहीं," म्हणाला.

"हैच नई म्हंजे?" आई उसळली. "मंग इतकी वर्सं म्या काय कोपरानं कापूस येचला?"

पण ते नंतरचं. पहिल्याच दिवशी, आल्या आल्या, घरमालकांना भेटावं म्हणून ती पिशवीतली ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन खाली गेली. मी मागोमाग. टेबलावर तेलाच्या वाटीत नाणी होती. आईनं कौतुकानं विचारलं, "हे काय हो, सोनं हाय का?" आणि बोट पुढे केलं.

"हात लावू नका!" काका किंचाळले. "हात लावू नका! हात लावू नका!"

आईनं हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला. भाकरी टेबलाच्या कडेला ठेवली आणि जिना चढून वर आली. मी पाहते तर ती लुगडी पिशवीत भरतेय.

"आई, अगं ते तसं नाही. हाताचा घाम लागतो, त्यात मीठ असतं, त्यानं तांबं..."

"तेबी असंच कायतरी सांगायचे," आई म्हणाली. "म्या ल्हानपणी हिरीवर लई ऐकलाय हा शब्द. तुला खोली दिली, चांगलं केलं. पर मला इथं ऱ्हायचं न्हाई."

मी गंधक सांगितला, अंडं सांगितलं, साठ मोजलेले सांगितले. ती ऐकेना. माझा जीव नुसता कासावीस झाला. ज्या घरात आडनाव विचारलं नाही म्हणून मी फुशारकीनं तिला आणलं होतं, तिथंच तिला ते ऐकावं लागलं होतं.

वाचवलं ते काकूंनी. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या सकाळी लोणच्याची वाटी घेऊन वर आल्या, आईच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला एकदा म्हणाले, मला बत्तीस वर्षं म्हणून राहिलेत. तुम्ही जा खुशाल, पण आधी तासभर माझ्यासंगं खाली बसा. मग ठरवा."

दोघी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसल्या. पुढच्या खोलीत दरबार भरला. पहिला आला एक निवृत्त पोलीस अधिकारी. केवढा थोरला माणूस! त्यानं वाटीकडे हात नेला मात्र, काका किंचाळले, "हात लावू नका!" मग एक डॉक्टर आले. त्यांच्यावर तर दोनदा ओरडले. आईच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. मग पलीकडच्या देवळातले पुजारी आले, गंध, उपरणं, सगळं. त्यांनी अगदी सहज, आशीर्वाद द्यावा तसा हात पुढे केला.

"हात लावू नका, पंतुलुगारू! हात लावू नका! तुपाचा हात आहे तुमचा! काल पण डाग पाडून गेलात! मागं व्हा, मागं!"

पंतुलुगारू दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "भटजीलाबी?" असं हळूच विचारलं, आणि मग तिला जे हसू फुटलं! पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. काकू हसायला लागल्या, मी हसायला लागले, पुढच्या खोलीत काकांना वाटलं की कोणाला तरी ठसका लागलाय, म्हणून ते पाणी द्या, पाणी द्या, करत होते. त्या दुपारी आईनं पिशवीतली लुगडी परत काढून दोरीवर टाकली.

त्यानंतर दोघींची जी गट्टी जमली, ती बघायलाच नको. काकूंच्या माहेरची तांब्याची घागर माळ्यावर काळी पडून होती. आईनं चिंच, मीठ आणि राख घेऊन ती अशी घासली की काकूंना तिच्यात तोंड दिसायला लागलं. चुकीला सुरुवात झाली ती तिथं. मी तेव्हा लॅबमध्ये होते, नाहीतर आडवी पडले असते.

चार दिवसांवर काकांचा वाढदिवस आला होता. काकूंच्या मनात आलं, यांना द्यायचं तर हेच द्यावं. वाढदिवसाच्या पहाटे, काका अंघोळीला गेलेले असताना, त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं.

"वहिनी, तुमच्या हातात गुण आहे. तेवढा एक डाग काढून द्या. माझी सुटका होईल."

"त्यांला इचारलं का?" आईनं विचारलं. हे आई मला नंतर शपथेवर सांगत होती, की म्या इचारलं होतं.

"बत्तीस वर्षं तेच तर म्हणत आहेत, नाणं खराब केलं, नाणं खराब केलं. अजून काय विचारायचं?"

चिंच, मीठ, राख. आईला दोन मिनिटं लागली असतील.

सकाळी मी नाश्त्याला खाली गेले तेव्हा काका टेबलाशी बसले होते. काकूंनी समोर ताटली ठेवली. ताटलीत विड्याचं पान, पानावर ते नाणं. गुलाबी. नुकत्याच न्हालेल्या बाळासारखं गुलाबी.

"घ्या," काकू म्हणाल्या. "आता तरी माझा गुन्हा माफ करा. वहिनींनी काढून दिला." त्यांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. आई मागे उभी होती, शाबासकीची वाट बघत.

काकांनी नाणं उचललं. हातमोजे नव्हते. आणि कडेलाही धरलं नाही. सगळं तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मध्यभागी चाचपून पाहिलं. त्याआधी मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

"कधी झालं?" त्यांनी विचारलं.

ते उठले, पुढच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. उपमा तसाच राहिला.

आई "म्या लावला हात. महाच हात लागला," एवढंच म्हणत होती. काकू आधी गोंधळल्या, मग संतापल्या, आणि मग दारावर थापा मारत रडायलाच लागल्या.

"आता काय झालं तुम्हाला? डाग होता तर ओरडत होता, आता काढला तर दार लावता! काय करायचं तरी काय माणसानं?"

आतून आवाज आला, "काढून टाक म्हटलो होतो का मी? एकदा तरी?"

"मग बत्तीस वर्षं येईल त्याला काय म्हणत होता?"

मग दाराच्या अगदी जवळून, लहान मुलासारखा आवाज आला. "सांगत होतो ना लोकांना."

"काय सांगत होता?"

"तुझं सांगत होतो. अजून काय? बत्तीस वर्षांत दुसरं सांगण्यासारखं काय झालं माझ्या आयुष्यात? तू मला आवडलीस त्या दिवशी. बटण म्हणालीस ना, तेव्हा."

काकू थापा मारायच्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. "अय्यो देवा," त्या म्हणाल्या, "मग हे असं बोलायचं असतं का हो माणसानं!"

दार उघडलं. काकांचे डोळे लाल होते, पण कपाळावर भिंग चढलेलं होतं, म्हणजे विचार सुरू झाला होता. त्यांनी आईकडे पाहिलं. आई उंबऱ्याच्या बाहेर, हात पदरात.

"चुकलं महं," ती म्हणाली. "म्या आजच जाते गावाला."

"काय्को जाता? हात काय आहे तुमचा! इतकं साफ तर ॲसिडनंबी होत नाही. एक कण सोडला नाहीत." हे म्हणताना त्यांच्या आवाजात खरं कौतुक होतं. मग काकूंकडे वळून म्हणाले, "लोणचं काढ."

"आं?"

"लोणचं काढ गे. आंब्याचं. अंगठा बुडव."

काकूंनी बरणी आणली, अंगठा बुडवला आणि सवयीनं पुसायला गेल्या. "नक्को पुसू! तसाच!" काका ओरडले. त्यांनी नाणं टेबलावर ठेवलं. काकूंनी अंगठा टेकवला आणि काका मोजायला लागले. एक, दोन, तीन. साठ होईपर्यंत दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मी मात्र दोघांकडे बघत होते, आणि माझं नाक चोंदलं होतं.

मग काकांनी नाणं उलटं केलं.

"आता तुम्ही," ते आईला म्हणाले.

"मी?" आई आणखी मागे सरली. "मी कामून? आन मह्या अंगठ्याला रेघाच न्हाईत. मशीन घेत न्हाई. हैच नई म्हनला त्यो."

"मशीनला अक्कल असती तर मी भिंग घेऊन बसलो असतो का? काम तुम्ही केलंय, त्याच्यावर तुमची खूण पाहिजे. या. हात लावा."

आई जागची हलली नाही.

"हात लावा, वहिनी," काका पुन्हा म्हणाले. "लावा हात."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी "लाव" म्हणून मान हलवली. ती पुढे आली, पदरातून हात काढला, लोणच्यात अंगठा बुडवला आणि नाण्यावर ठेवला. सबंध भार देऊन, शिक्का मारावा तसा. काकांचे साठ संपले तरी ती अंगठा काढेना. सत्तरपर्यंत मोजावं लागलं.

पुढे आई गावाला गेली. तांबं नागडं झालेलं आणि वर लोणच्याचं मीठ, त्यामुळे फार वाट पाहावी लागली नाही. काका रोज सकाळी भिंग लावून बघायचे आणि जिन्यातून मला ओरडून सांगायचे, "हिचा येऊन राहिला! मोहरीचा एक ठिपका पण आलाय, जिवंत वाटतो!" दुसऱ्या बाजूबद्दल काही बोलायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मला खाली बोलावलं. एका बाजूला काकूंचा अंगठा होता, रेघ अन् रेघ. नाणं उलटं केलं. तिथं एक तपकिरी, गुळगुळीत, लांबट गोल होता. रेघ एकही नाही, पण कड अशी स्पष्ट की नजर चुकणार नाही.

मी फोटो काढला आणि आईला फोन लावला.

"जय भीम. उमटला का?" तिनं हॅलोच्या आधी विचारलं.

"उमटला."

आई म्हणाली, "मोठा काढून आन फोटू. रेशनवाल्याला दाखवते." आणि खरंच दाखवला. तिला धान्य त्या फोटोवर मिळालं नाही, डोळ्यांच्या मशीनवर मिळालं, पण रेशनवाल्याला तिनं तो दोनदा बघायला लावला.

नाण्याच्या पाकिटावर काकांनी पेन्सिलीनं लिहिलंय, "दोन पै. धुतलेलं. अंगठे दोन. मार्क नाहीत." लग्नानंतर मी तारनाक्याला राहायला गेले, पण आई आली की रविवारी आम्ही नल्लकुंट्याला जातोच. मागच्या खेपेला काकांचा किस्सा दुप्पट लांब झालेला होता. बटण आलं, लोणचं आलं, मग नाणं उलटून चिंच आणि राख आली, "आणि ह्या लॅबवालीच्या आई" म्हणून दाराकडे हात झाला. आता पातेलं आपटत नाही. काकू मधे मधे चुका दुरुस्त करतात. किस्सा रंगात आला असताना पंतुलुगारूंनी नीट बघावं म्हणून हात पुढे केला.

काका किंचाळायला तोंड उघडणार, त्याआधी आईच पाटावरून ओरडली.

"कडंला धरा, पंतुलुगारू! मधी महा अंगठा हाय."